मोहाचं मडकं आणि इंग्लिश एलचं पाकीट: दारू नेमकी करतं कोण? यीस्टबद्दल सगळं काही

मार्च उजाडला की जव्हार आणि मोखाड्याच्या डोंगरपाड्यांवर पहाटे पहाटे माणसं टोपल्या घेऊन मोहाच्या झाडाखाली जमतात. रात्रभर गळलेली फिक्कट पिवळी, रसाळ फुलं वेचायची, अंगणात वाळवायची आणि साठवून ठेवायची. हीच फुलं भाजून, उकडून खाल्ली जातात, बाजारात विकली जातात आणि त्यांचीच दारूही होते.

तिकडे पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरीत चकचकीत स्टीलच्या टाक्यांमध्ये 'इंग्लिश एल' नावाची बिअर तयार होत असते. एका ग्लासला काही शे रुपये मोजून लोक ती पितात.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय? तर दोन्हीकडे राबणारा कामगार एकच आहे. त्याचं नाव यीस्ट. फरक इतकाच की एका ठिकाणी तो निवडून, मोजून, थंडाव्यात जपून आणलेला असतो आणि दुसऱ्या ठिकाणी तो आपणहून आलेला असतो. चव, सुरक्षितता, कायदा आणि पैसा या सगळ्या गोष्टी या एका फरकापाशी येऊन मिळतात. म्हणूनच यीस्ट म्हणजे काय, ते कसं निवडतात, कसं सांभाळतात आणि मोखाड्याच्या मोहाचा त्याच्याशी काय संबंध, हे नीट समजून घेऊ.

यीस्ट म्हणजे नेमकं काय?

यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे. तिची एक पेशी साधारण ५ ते १० मायक्रॉनची, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. ती हवेत, मातीत, फळांच्या सालीवर, फुलांवर, जुन्या भांड्यांच्या खाचांमध्ये, सगळीकडे असते. बेकरीत पाव फुगवणारं यीस्ट आणि एल करणारं यीस्ट हे एकाच प्रजातीचे वेगवेगळे वाण आहेत. त्या प्रजातीचं शास्त्रीय नाव सॅकरोमायसिस सेरेव्हिसी.

यीस्टचं काम सोपं आहे. साखर खायची आणि तिच्यापासून दोन गोष्टी बाहेर टाकायच्या: अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड वायू. पावात आपल्याला वायू हवा असतो, अल्कोहोल भट्टीत उडून जातं. बिअरमध्ये दोन्ही हवं असतं.

पण यीस्ट एवढ्यावर थांबत नाही. साखर खाताना ते शेकडो इतर पदार्थही अगदी कमी प्रमाणात तयार करतं. कुणाचा वास सफरचंदासारखा, कुणाचा केळ्यासारखा, कुणाचा लोण्यासारखा. म्हणून एकाच धान्याच्या पाण्याचे दोन भाग करून त्यात दोन वेगळ्या वाणांची यीस्ट घातली, तर दोन वेगळ्या चवींची बिअर मिळते.

घरातलं उदाहरण द्यायचं तर विरजणाचं. दूध एकाच गोठ्यातलं असलं तरी शेजारणीच्या घरच्या विरजणाचं दही वेगळं लागतं. दह्यात काम करतात ते जीवाणू, इथे यीस्ट. तत्त्व मात्र तेच: विरजण जसं, तसं दही.

जव्हार-मोखाड्यात यीस्ट येतं कुठून?

वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशा समाजांची वस्ती असलेल्या या पट्ट्यात मोह हे फक्त दारूचं झाड नाही. फुलं खाल्ली जातात, बियांचं तेल काढलं जातं, आणि देवकार्यात, लग्नकार्यात मोहाच्या दारूला मान असतो.

मोहाच्या फुलाचं वैशिष्ट्य म्हणजे त्याची साखर. वाळलेल्या फुलाच्या वजनातला साधारण निम्मा भाग साखरेचाच असतो. ही साखर यीस्टला थेट खाता येते. त्यामुळे फुलं पाण्यात भिजवून ठेवली की काही दिवसांत ती आपोआप आंबायला लागतात. पाण्यावर बुडबुडे येतात, फेस धरतो, वास बदलतो.

इथे कुणी यीस्ट विकत आणून घातलेलं नसतं. ते तीन ठिकाणांहून येतं:

- फुलावरून: गोड रस असलेल्या कुठल्याही फुलाफळावर यीस्टची वस्ती असतेच. फुल वाळलं तरी त्यातली काही यीस्ट तग धरून राहतात.
- भांड्यातून: वर्षानुवर्षं त्याच कामाला वापरलेल्या मडक्याच्या सच्छिद्र अंगात मागच्या खेपेचं यीस्ट मुक्कामाला असतं.
- आधीच्या खेपेच्या गाळातून: जुन्या आंबवणातलं थोडं नव्यात मिसळलं, की ते विरजणासारखं काम करतं.

याला जंगली किंवा नैसर्गिक आंबवण म्हणतात. पालघरच्या किनारपट्टीवरची ताडी हेही त्याचंच उदाहरण. झाडावरून उतरवलेला गोड रस काही तासांतच आंबायला लागतो, कारण यीस्ट मडक्यात आधीच हजर असतं.

देशात इतर ठिकाणी मात्र यीस्ट 'सांभाळून ठेवण्याची' पद्धतही आहे. झारखंडमध्ये तांदळाची हंडिया करताना 'राणू' नावाच्या औषधी मुळ्या मिसळलेल्या गोळ्या वापरतात. सिक्कीमकडे नाचणीचं पेय आंबवायला 'मर्चा' नावाची वाळवलेली वडी असते. या गोळ्या-वड्या म्हणजे बिनलेबलची यीस्टची पाकिटंच. चांगल्या खेपेतलं यीस्ट पुढच्या वडीत उतरतं आणि अशा रीतीने शेकडो वर्षं निवड होत राहते.

जाता जाता आणखी एक गोष्ट. गावठी दारूच्या धाडींच्या बातम्यांत 'काळा गूळ आणि नवसागर जप्त' असं वाक्य हमखास असतं. नवसागर कशाला? नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. यीस्टला वाढायला साखरेबरोबर नायट्रोजनही लागतो आणि नुसत्या गुळात तो कमी असतो. अमोनियमच्या क्षारातून तो मिळतो. मोठ्या ब्रुअरीतही यीस्टला 'खुराक' म्हणून अमोनियमचे क्षार देतात, पण ते खाद्य दर्जाचे आणि मोजून दिलेले असतात. औद्योगिक दर्जाचा नवसागर मुठीने टाकणं ही वेगळी आणि धोकादायक गोष्ट आहे.

मग इंग्लिश एल म्हणजे काय?

एल हा बिअरचाच एक प्रकार. बार्लीला मोड आणायचे, ते वाळवायचे, भरडायचे, गरम पाण्यात मुरवायचे. मोड आणून वाळवलेल्या बार्लीला माल्ट म्हणतात. हे परकं वाटत असेल तर नाचणीचं सत्त्व आठवा. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून बाळाला देतो ते सत्त्व म्हणजे नाचणीचा माल्टच. जव्हार-मोखाड्यात नागली हे एक मुख्य पीक, त्यामुळे हे तंत्र तिथल्या घरांनाही नवं नाही.

मोड आणण्याचं कारण असं: धान्यात साखर नसते, स्टार्च असतो. यीस्टला स्टार्च खाता येत नाही. मोड येताना धान्यात तयार होणारी एन्झाइम्स त्या स्टार्चची साखर करतात. मोहाच्या फुलाला ही खटपट लागत नाही, धान्याला लागते.

माल्टचं गोड पाणी हॉप्स नावाच्या कडू फुलांबरोबर उकळायचं, थंड करायचं आणि त्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट कुठलं, यावरून बिअरची दोन मोठी घराणी पडतात:

- एल: यातलं यीस्ट साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअसला काम करतं. काम करताना फेसाबरोबर वर येतं. फळांसारखा सुगंध देतं.
- लागर: यातलं यीस्ट थंडीत, साधारण ८ ते १४ अंशांना, सावकाश काम करतं. चव स्वच्छ आणि साधी. भारतात बाटलीत मिळणाऱ्या बहुतेक बिअर या घराण्यातल्या.

इंग्लंडमध्ये शतकानुशतकं एल करणारे लोक वर आलेला फेस काढून पुढच्या खेपेला वापरत. त्यांना यीस्ट म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण चांगला फेस कुठला आणि वाईट कुठला, हे कळत होतं. लुई पाश्चरने १८७६ साली बिअरवर ग्रंथ लिहून बिअर बिघडते ती नको त्या सूक्ष्मजीवांमुळे, हे मांडलं. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी एकाच पेशीपासून यीस्टचं शुद्ध पीक वाढवून दाखवलं. 'निवडलेलं यीस्ट' ही आजची कल्पना तिथून सुरू झाली.

इंग्लिश एलसाठी यीस्ट निवडतात कसं?

ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरी बिअर करायला परवाना लागत नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने संघराज्य पातळीवर हे मोकळं झालं. त्यामुळे तिथे, अगदी मराठी घरांतही, कुणी हौसेने एल करायला घेतली तर दुकानात यीस्टची डझनभर पाकिटं समोर असतात. महाराष्ट्रात परिस्थिती वेगळी आहे, ती पुढे येईलच. निवड करताना चार प्रश्न विचारायचे असतात.

१. हे यीस्ट साखर किती संपवतं?
काही वाण जवळपास सगळी साखर खाऊन टाकतात, बिअर कोरडी लागते. काही वाण माल्टमधली एक विशिष्ट साखर, माल्टोट्रायोज, खातच नाहीत. ती बिअरमध्ये उरते आणि बिअर भरीव, किंचित गोडसर लागते. विंडसर आणि लंडन ईएसबी या नावाने मिळणारे कोरडे यीस्ट या दुसऱ्या गटातले.

२. काम झाल्यावर ते तळाशी बसतं का?
इंग्लिश वाणांची ही खासियत. त्यांच्या पेशी एकमेकींना चिकटून गठ्ठे करतात आणि तळाशी जातात, त्यामुळे बिअर न गाळताही स्वच्छ होते. सॅफेल एस-०४ हे यासाठी प्रसिद्ध. पण याला दुसरी बाजू आहे. यीस्ट फार लवकर खाली बसलं तर काम अर्धवट राहू शकतं. अशा वेळी भांडं हलकेच फिरवून ते पुन्हा वर उठवावं लागतं.

३. सुगंध किती हवा?
इंग्लिश एलमध्ये फळांसारखा हलका सुगंध अपेक्षित असतो. विंडसर तो जास्त देतं. नॉटिंगहॅम हे वाण तुलनेने तटस्थ, माल्ट आणि हॉप्सना पुढे येऊ देणारं.

४. तुमच्याकडे तापमान किती असतं?
हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला जातो आणि खरं तर तो पहिला असायला हवा. ज्या खोलीत भांडं ठेवणार तिथे ते वाण नीट वागणार आहे का? नॉटिंगहॅम १० अंशांच्या आसपासही काम करतं. मात्र तिशीच्या पुढच्या तापमानात यातलं कुठलंच इंग्लिश वाण नीट वागत नाही.

पहिल्यांदाच करणाऱ्याने कोरडं यीस्ट घ्यावं. ते टिकतं, सांभाळायला सोपं असतं आणि एका पाकिटात अब्जावधी पेशी असतात. द्रव यीस्टमध्ये वाणांची निवड जास्त मिळते, पण ते नाजूक असतं.

पाकीट हातात आल्यावर काय करायचं?

यीस्ट जिवंत आहे, हे एकदा लक्षात ठेवलं की बाकीचे नियम आपोआप पटतात.

- तारीख आधी बघा. मुदत संपलेल्या पाकिटात जिवंत पेशी कमी असतात.
- फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. द्रव यीस्टला तर थंडावा हवाच. फ्रिजमध्येही महिन्यागणिक त्यातल्या पेशी मरत जातात, म्हणून ते ताजं घ्यायचं.
- उघडलेलं पाकीट 'पुढच्या वेळी' म्हणून ठेवू नका. हवा आणि दमट वातावरण, दोन्ही त्याला मारक. कोकणातला पावसाळा यीस्टचा मित्र नाही.
- प्रमाण पाळा. कोरड्या एल यीस्टसाठी उत्पादक साधारण १०० लिटरला ५० ते ८० ग्रॅम सांगतात. म्हणजे २० लिटरच्या मध्यम कडक एलला ११.५ ग्रॅमचं एक पाकीट पुरतं. कमी घातलं तर थोड्या पेशींवर सगळा भार पडतो आणि नको ते वास तयार होतात.
- गरम पाण्यात टाकू नका. माल्टचं पाणी उकळून झाल्यावर लवकर थंड करा आणि २० अंशांच्या आसपास आलं की यीस्ट घाला. चाळिशीच्या वर यीस्ट मरायला लागतं.
- यीस्ट घालण्याआधी पाणी ढवळून हवा मिसळा. सुरुवातीच्या वाढीला यीस्टला ऑक्सिजन लागतो. एकदा आंबायला लागलं की मात्र हवा नको, नाहीतर बिअर शिळी लागते.
- स्वच्छता म्हणजे निम्मं काम. थंड झालेल्या पाण्याला लागणारी प्रत्येक वस्तू, चमचा, नळी, झाकण, निर्जंतुक हवी. तुम्ही निवडलेलं यीस्ट सोडून दुसरा कुणी पाहुणा आत शिरला की चव त्याची होते.
- झाकण घट्ट बंद करू नका. वायू बाहेर जायला वाट हवी. आंबणं पुरतं संपायच्या आत बाटलीत भरलं, तर बाटली फुटून काचा उडण्याचा धोका खरा आहे.

पहिली खेप चांगली जमली तर तळाचा दाट गाळ स्वच्छ बरणीत फ्रिजमध्ये ठेवून एक-दोन आठवड्यांत पुन्हा वापरता येतो. विरजण राखून ठेवण्यासारखंच हे. फक्त आंबट किंवा विचित्र वास आला, तर मोह न ठेवता टाकून द्यायचं.

तापमानाचा खेळ

जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर आहे. त्याला पालघरचं महाबळेश्वर म्हणतात ते उगाच नाही. पण मोहाचा हंगाम येतो मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. त्या तापमानात यीस्ट फार वेगाने धावतं. घाईत काम करताना ते जड प्रकारची अल्कोहोल जास्त तयार करतं, ज्यामुळे पेय घशाला जाळतं आणि उग्र लागतं.

मोहाच्या बाबतीत हे काही अंशी झाकलं जातं, कारण ते पेय पुढे ऊर्ध्वपातनातून जातं. एल मात्र आंबवलेली तशीच प्यायली जाते, यीस्टने केलेली प्रत्येक चूक ग्लासात दिसते. म्हणून एलवाल्यांचा अर्धा जीव थर्मामीटरमध्ये अडकलेला असतो. पहिले तीन दिवस महत्त्वाचे, कारण बहुतेक वास याच काळात तयार होतात. शिवाय यीस्ट स्वतः उष्णता सोडतं, त्यामुळे भांड्याच्या आतलं तापमान खोलीपेक्षा काही अंशांनी जास्त असतं.

वास सांगतो यीस्टचं दुखणं

- लोण्यासारखा वास: यीस्ट लवकर खाली बसलं किंवा त्याला अर्धवट थांबवलं. दोन-तीन दिवस जास्त ठेवलं तर बहुतेकदा यीस्ट स्वतःच हा पदार्थ परत शोषून घेतं. इंग्लिश एलमध्ये याची पुसट छटा चालते.
- कच्च्या सफरचंदाचा वास: काम अपूर्ण. घाई झाली.
- नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास: तापमान जास्त किंवा यीस्टवर ताण.
- व्हिनेगरसारखा आंबटपणा: हवा आणि नको ते जीवाणू आत शिरले. आता उपाय नाही.
- घोड्याच्या खोगिरासारखा, चामड्यासारखा वास: ब्रेटॅनोमायसिस नावाचं जंगली यीस्ट. कार्ल्सबर्गच्याच प्रयोगशाळेतल्या क्लॉसेन यांनी १९०४ साली ते इंग्लिश बिअरमध्ये शोधलं. त्याच्या नावाचा अर्थच 'ब्रिटिश बुरशी' असा होतो.

शेवटची गोष्ट गंमतशीर आहे. ज्या इंग्लिश एलच्या शुद्ध वाणांचं आज कौतुक होतं, त्या एलची जुनी, मुरवलेली चवही एकेकाळी जंगली यीस्टचीच होती. म्हणजे मडक्यातलं यीस्ट 'मागास' आणि पाकिटातलं 'पुढारलेलं', इतकं सरळ हे प्रकरण नाही.

विषारी दारू यीस्टमुळे होते का?

सोशल मीडियावर सर्वात जास्त गोंधळ याच प्रश्नावर आहे.

जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारू पिऊन शंभरहून जास्त माणसं मेली. अशा घटनांनंतर 'हातभट्टीची म्हणजे विषच' असं सरसकट म्हटलं जातं. प्रत्यक्षात अशा दुर्घटनांत मारतो तो मिथेनॉल. आणि तो माणसाला मारण्याइतक्या प्रमाणात यीस्ट तयार करत नाही. फळाफुलांतल्या पेक्टिनपासून आंबवताना अगदी थोडा मिथेनॉल तयार होतो. मोठे बळी जातात ते कारखान्यासाठीचा मिथेनॉल स्वस्तात मिळवून दारूत मिसळल्यामुळे.

मिथेनॉलचं शरीरात फॉर्मिक ॲसिड होतं. सुरुवातीला साधी नशा वाटते, नंतर काही तासांनी धूसर दिसणं, उलट्या, पोटदुखी, धाप सुरू होते. दृष्टी कायमची जाऊ शकते. ही लक्षणं दिसली तर 'झोपून उतरेल' म्हणत थांबायचं नाही, ताबडतोब दवाखाना गाठायचा. उपचार आहेत, पण वेळ महत्त्वाची.

याचा अर्थ परवान्याशिवाय गाळलेली दारू सुरक्षित असते, असा बिलकुल नाही. ती कुणी, कशात, काय मिसळून केली, हे पिणाऱ्याला कळायचा मार्ग नसतो. शिवाय वास आणि चव घेऊन मिथेनॉल ओळखता येत नाही.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. त्यानुसार परवान्याशिवाय कुठलीही मादक पेयं तयार करणं गुन्हा आहे. यात मोहाची दारू येते आणि घरच्या घरी केलेली एलही येते. 'थोडीशी, स्वतःपुरती' ही सबब चालत नाही. मायक्रोब्रुअरी चालतात त्या परवान्यावर. पुण्यात २००९ साली सुरू झालेली डूलाली ही त्यातली सुरुवातीची.

मोहावरची बंधनं तर त्याहूनही जुनी आहेत. इंग्रज सरकारने १८७८ च्या अबकारी कायद्याने दारू गाळणं मोठ्या, कर भरणाऱ्या भट्ट्यांकडे वळवलं. त्यानंतर १८९२ च्या मोह कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलं बाळगण्यावरच नियंत्रण आणलं. मोखाडा तेव्हा ब्रिटिश ठाणे जिल्ह्यात होतं, तर शेजारचं जव्हार हे मुकणे घराण्याचं संस्थान. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि दोन्ही तालुके एकाच कायद्याखाली आले.

खाण्याच्या फुलांसाठीही परवानगी लागावी, याबद्दल आदिवासी भागांत दीर्घकाळ नाराजी होती. २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहाची फुलं गोळा करणं, साठवणं आणि त्यांची वाहतूक यांवरचे निर्बंध शिथिल केले. दारू गाळण्यावरची बंदी मात्र कायम आहे. मध्य प्रदेशाने वेगळी वाट धरली. तिथे अनुसूचित जमातींना घरगुती वापरासाठी मर्यादित सवलत आहेच, शिवाय मोहाच्या दारूला 'हेरिटेज' दर्जा देऊन ती आदिवासी गटांमार्फत विकण्याचं धोरणही आणलं गेलं.

जव्हार आणि मोखाडा हे अनुसूचित क्षेत्रात येतात, म्हणून तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. दारूविक्रीवर बंदी घालण्याचा किंवा नियंत्रण ठेवण्याचा विचार करताना ग्रामसभेला या कायद्याने अधिकार दिले आहेत. हे दुधारी आहे. मोहाची परंपरा जपावी असं म्हणणारे लोक गावात आहेत, तसेच दारूने घर उद्ध्वस्त होताना पाहिलेल्या बायकाही त्याच ग्रामसभेत बसतात. निर्णय घेताना दोघांचं ऐकावं लागतं.

मडक्यातलं यीस्ट कुणाचं?

आता मूळ मुद्द्याकडे. इंग्लंडने आपल्या एलची यीस्ट जपून ठेवली. नॉरिच इथल्या राष्ट्रीय यीस्ट संग्रहात ब्रुअरींची वाणं गोठवून ठेवलेली आहेत. एखाद्या ब्रुअरीचं यीस्ट बिघडलं किंवा मेलं, तर मूळ वाण परत मिळू शकतं. नॉटिंगहॅम, विंडसर, लंडन अशा गावांच्या नावाने जगभर पाकिटं विकली जातात, ती याच जपणुकीच्या परंपरेतून.

जव्हार-मोखाड्याच्या मडक्यांतही पिढ्यानपिढ्या निवडलं गेलेलं, उन्हाळ्याची धग आणि मोहाची साखर सोसणारं यीस्ट असतं. मातीचं मडकं जाऊन प्लास्टिकचा ड्रम आला आणि फुलांऐवजी गूळ आला, की ही वस्ती तुटते. झाड उरतं, फुल उरतं, पण त्या फुलाबरोबरचं यीस्ट हरवतं.

ते जपायची सोय दूर नाही. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. चंदीगडलाही असा संग्रह आहे. मोहाच्या फुलांवरची वाणं वेगळी काढून ठेवणं ही विज्ञानाला झेपणारी गोष्ट आहे. त्यांचा उपयोग दारूपुरताच असेल असंही नाही. पाव, व्हिनेगर, इथेनॉल, पशुखाद्य, सगळीकडे उष्णता सोसणाऱ्या यीस्टला मागणी असते.

पण मग हक्काचा प्रश्न येतो. २००२ च्या जैवविविधता कायद्यात 'जैविक संसाधन' या शब्दात वनस्पती आणि प्राण्यांबरोबर सूक्ष्मजीवही येतात. म्हणजे एखाद्या पाड्यावरच्या फुलातून यीस्टचं वाण काढून कुणी त्याचा व्यवसाय केला, तर त्या लाभातला वाटा स्थानिकांना मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. त्यासाठी गावच्या जैवविविधता समितीच्या नोंदवहीत मोहाच्या झाडाबरोबर मोहाच्या आंबवणाचीही नोंद असायला हवी.

थोडक्यात सांगायचं तर

- दारू, बिअर, ताडी, पाव, सगळ्यांमागे यीस्ट आहे. वाण बदललं की चव बदलते.
- इंग्लिश एलसाठी वाण निवडताना साखर किती खातं, तळाशी बसतं का, सुगंध किती देतं आणि तापमान किती सोसतं, हे चार प्रश्न विचारायचे.
- यीस्ट जिवंत आहे. थंडावा, स्वच्छता, योग्य प्रमाण आणि धीर, एवढं दिलं की ते आपलं काम करतं.
- विषारी दारूचे बळी मिथेनॉलच्या भेसळीचे असतात. म्हणून कुठलीही अनोळखी, परवान्याबाहेरची दारू पिऊ नये.
- महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी एल किंवा मोहाची दारू करणं बेकायदेशीर आहे. मोहाची फुलं गोळा करण्यावरचे निर्बंध मात्र २०२१ मध्ये शिथिल झाले आहेत.
- जव्हार-मोखाड्याच्या मोहाबरोबर त्याचं यीस्टही त्या भागाची ठेव आहे. मडकी नाहीशी होण्याआधी तिची नोंद झाली, तर उद्या तिच्यावर हक्क सांगता येईल.